भावोजींचा लायटर

स्प्रिंग उडाली ती कपाटाखाली गेली की पुस्तकांमागे, हे पंडितला कळलं नाही. 'टिंग' असा आवाज मात्र छान आला होता. तो टेबलाखाली रांगत शिरला.

"आधी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घ्या," बायको दारातून म्हणाली. "मग स्प्रिंग शोधा."

घरात त्याला सगळे पंडित म्हणत. मान देऊन नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याची हयात गेली होती. दुसऱ्याची चूक त्याला पान उघडताक्षणी दिसायची. स्वतःच्या हातून मात्र कधी खिळासुद्धा सरळ गेला नव्हता. त्याने दुरुस्त केलेली दारावरची बेल पाहुणे निघून गेल्यावर वाजायची. नळ दुरुस्त केला तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटायला आले होते, ओल्या पायांनी.

"वन्संना दुसरं कुणी मिळालं नाही?" बायकोने विचारलं.

"दुकानदार हात लावायला तयार नाही. म्हणाला, नवा घ्या, स्वस्त पडेल."

"म्हणून तुमच्याकडे?"

पंडित आणखी आत सरकला.

लायटर भावोजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा. पत्र्याचा, पेट्रोलवर चालणारा, कुठल्या तरी टपरीवर घेतलेला. भावोजींनी सिगारेट सोडली तेव्हा तो स्वयंपाकघरात ओट्यावर आला. सकाळचा पहिला चहा भावोजी करत आणि गॅस याच लायटरने पेटवत. भावोजी गेले, आणि काही दिवसांनी लायटरही पेटेनासा झाला. ताईने तो धाकट्या भावाच्या हातात ठेवला. "होता तसा करून दे," एवढंच म्हणाली. असले लायटर बाजारात ढिगाने मिळत होते. पण हा कायमचा बिघडला, तर हाच पुन्हा मिळणार नव्हता.

स्प्रिंग अखेर त्याच्याच चपलेत सापडली.

पंडितने लायटरच्या पोटातला कापूस काढला. तो कोरडा ठणठणीत झाला होता. नवा भरला. वात काळी पडून आखडली होती. ती चिमट्याने वर ओढून जळका शेंडा कापला. चाकाच्या दात्यांत बसलेली काजळी जुन्या टूथब्रशने घासून काढली. ठिणगी पाडणारा खडा झिजून तिळाएवढा उरला होता. त्या जागी नवा घातला, मागे स्प्रिंग बसवली, बुडाचा स्क्रू करकचून आवळला. कापसावर पेट्रोलचे थेंब सोडले. हात धुऊन, पुसून, देवावर हवाला ठेवून त्याने चाक फिरवलं.

पहिल्या फटक्यात ज्योत.

त्याने झाकण मिटलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा ज्योत. त्याने बायकोला हाक मारली. तिने ज्योत पाहिली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ताईकडे निघाला. कौतुक झाल्यावर 'त्यात काय एवढं' म्हणायचं, हे त्याने रस्ताभर घोकलं. म्हणताना मान किती झुकवायची तेही ठरवलं.

ताईने चाक फिरवलं. ज्योत सरळ उभी राहिली. ताईने झाकण मिटलं.

"छान झाला रे," ती म्हणाली आणि लायटर वरच्या फळीवर ठेवला. मग काडेपेटी घेतली, काडी ओढली, गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

पंडितचं 'त्यात काय एवढं' तोंडातच राहिलं.

"ताई, अगं, पेटतो तो आता."

"पाहिलं ना. एका फटक्यात पेटतो." तिने पदराला हात पुसले. "ह्यांच्या हातात तो कधी एका फटक्यात पेटला नाही. मी अंथरुणात पडून ऐकत असायचे. खर्र, खर्र, खर्र. मग मी ओरडायचे, अहो, काडेपेटी घ्या ना सरळ! एक दिवससुद्धा घेतली नाही त्यांनी. माझी सकाळ तिथून सुरू व्हायची."

पंडित स्टुलावर बसला. मूळ प्रतीत असेल तेच ठेवायचं, लेखकाहून शहाणं व्हायचं नाही, हा मुद्रितं तपासणाऱ्याचा पहिला धडा. तो त्याने किती नवख्यांना दरडावून शिकवला होता! ताईने मूळ प्रत हातात दिली होती. 'होता तसा' असं स्वच्छ सांगितलंही होतं. आणि हा शहाणा ती सुधारून घेऊन आला होता.

तो उठला. गॅस बंद केला. फळीवरचा लायटर खाली घेतला.

"सुरी दे."

"आता काय करतोस?"

"बिघडवतो."

"हां," ताई म्हणाली, "ते जमेल तुला."

जमलं. सुरीच्या टोकाने त्याने बुडाचा स्क्रू सैल केला, वात आत ढकलली, तव्याच्या बुडाची काजळी चाकावर चोळली. दुरुस्तीला अख्खी दुपार गेली होती. बिघाड चुटकीसरशी झाला. हात शेवटी सरावाचा होता.

"गुडघे धरलेत माझे. मी आत पडते जरा," ताई म्हणाली. "चहा तूच टाक."

ती आत गेली. खाट करकरली.

पंडितने चाक फिरवलं. खर्र. नुसती ठिणगी. खर्र. तीसुद्धा नाही. नेहमीसारखं आपण जरा जास्तच चांगलं बिघडवलं की काय? खर्र.

"अहो," आतून आवाज आला, "काडेपेटी घ्या ना सरळ!"

काडेपेटी हाताशीच होती. पंडितने ती उचलून खिशात टाकली आणि पुन्हा चाकावर अंगठा ठेवला.