गोल कोपऱ्यांची टेप

तक्रार (गाडीमालकिणीच्या अक्षरात): तुम्ही इंजिनचा कॉम्प्युटर बदलल्यापासून गाडी छान चालते. पण चावी फिरवली की बाकीचे दिवे लागतात, इंजिनचा पिवळा दिवा लागतच नाही. दीर म्हणतात, तुम्ही वापरलेला कॉम्प्युटर गळ्यात मारलात. मला त्यातलं काही कळत नाही. गाडीचं सगळं आमचे हेच बघायचे. मी विचारलं की म्हणायचे, सगळं ठीक आहे. चार महिन्यांपूर्वी हे गेले, म्हणून आता मीच विचारते. कृपया बघून खरं काय ते सांगा.

मेकॅनिकनं स्कॅनर लावला. नव्या कॉम्प्युटरमध्ये दोष निघाला नाही. त्यानं डॅशबोर्डमधलं मीटर काढून उघडलं आणि तो हसला. "काकू, गाडी विकणाऱ्यानं टोपी घातली तुम्हाला! दिव्यावर काळी टेप चिकटवलीय. दिवा वेळेत दिसला असता, तर जुना कॉम्प्युटर वाचला असता." टेपचा तुकडा त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. चारही कोपरे कात्रीनं गोल कापलेले होते. टोकं उचलू नयेत म्हणून नवरा प्रत्येक टेप अशीच कापायचा. तो गेल्यावर कपाटात सापडलेल्या हॉस्पिटलच्या लिफाफ्यावरही अशीच टेप होती. आतले त्याच्या आजाराचे रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचे. "गाडी नवीच घेतली होती," ती एवढंच म्हणाली. मेकॅनिकनं मीटर बसवून गाडी सुरू केली. पिवळा दिवा लागला आणि विझला. "विझला म्हणजे सगळं ठीक आहे," तो म्हणाला. तिनं खिडकीतूनच हात घालून गाडी बंद केली. "परत लावून दाखवा."