बिळातला हात

लांडगा ओढ्याच्या दरडीला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. कुऱ्हाडी, काठ्या, दगड घेऊन तांड्यातली वीस-पंचवीस माणसं त्याला घेरून होती. घटकाभरापूर्वी पाण्याला निघालेल्या तिघींना त्यानं फाडलं होतं. वसरामच्या बायकोचा, जिवनबाईचा, गाल लोंबत होता. म्हाताऱ्या रुख्मिणीबाईच्या दंडाचा लचका गेला होता. आणि तांड्याचा नायक किसनसिंग, त्याच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, बेबीच्या मांडीत दात रुतले होते.

भिवाजी इंगोले कनेरगावाहून सायकल हाणत पोचला तेव्हा पहिला दगड पडला होता. लांडग्यांवर प्रबंध लिहायचा म्हणून भिवाजी दोन वर्षं या माळावर फिरत होता. तांडा त्याला मास्तर म्हणायचा, आणि माग काढायला वसराम त्याच्यासोबत असायचा. जनावराची झोकांडी बघताच भिवाजीनं ओळखलं, हे पिसाळलेलं आहे. डोकं फोडू नका, असं तो ओरडून सांगू लागला. मेंदू तपासायला पाठवला तर रोगाचा पुरावा मिळाला असता. कुणी ऐकलं नाही. लांडगा किसनसिंगवर झेपावला. वसरामनं मधे घुसून कुऱ्हाडीनं त्याचा कणा तोडला आणि मग जो तो मारत सुटला. लांडगा मेला तरी मारत राहिले. शेवटी डोक्याच्या जागी केस, हाडाच्या कपच्या आणि लाल चिखल एवढंच उरलं.

आता भिवाजीकडे त्याच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. जखमा साबणानं धुवा, आजच हिंगोलीच्या दवाखान्यात चला, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील, असं तो सांगत राहिला. नाही घेतल्या तर माणूस पाण्याला भिऊन तडफडून मरतो, हेही त्यानं सांगितलं. किसनसिंग लेकीला मुळी देणाऱ्या वैदूकडे नेणार होता. मास्तरवर त्याचा भरवसाच राहिला नव्हता.

"लांडग्याचं बीळ तुला ठावं व्हतं," तो म्हणाला. "दोन वर्सं इचारून राहिलो. तू सांगितलं न्हाईस."

ते खरं होतं. सांगितलं असतं तर लोकांनी त्याच दिवशी बिळात धूर घातला असता.

"हा त्यातला न्हाई, नायक. हा परका हाय."

किसनसिंगनं काठी फिरवली. भिवाजीचे पुढचे दोन दात तुटले. दुसरा तडाखा खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. तो पडला. त्यानं वसरामकडे बघितलं. वसराम बायकोच्या गालावर पदर दाबून बसला होता. तो उठला नाही.

भिवाजी रक्त थुंकत उठून बसला. समोर बेबी मांडी धरून उभी होती. रडत नव्हती. तिच्या बोटांमधून रक्त ओघळत होतं. आजपासून एकेक दिवस मोलाचा होता, आणि ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"बीळ दाखवतो," तो म्हणाला. "पण मंग तिघीबी हिंगोलीला जातील. चौदाच्या चौदा सुया. बोला."

किसनसिंगनं लेकीकडे पाहिलं. "जातील," तो म्हणाला.

बीळ टेकडीच्या पायथ्याला पळसाच्या मुळाखाली होतं. माणसं दिसताच लांडगीण टेकडी चढून गेली आणि वर जाऊन उभी राहिली. वसरामचा हात लांब, म्हणून त्यालाच पुढं केलं. तो पालथा पडून खांद्यापर्यंत आत गेला. एक पिल्लू निघालं. किसनसिंगनं ते मागच्या पायांना धरून धोंड्यावर आपटलं. मग दुसरं. मग तिसरं. नुकतीच बिळाबाहेर येऊ लागलेली, मातकट लोकरीची पिल्लं. दर वेळी तोच ओला आवाज यायचा. भिवाजीनं तोंड फिरवलं नाही. आपण दाखवलंय, तर बघितलंही पाहिजे, असं त्याला वाटलं. चौथ्यानंतर किसनसिंगच्या हातांवर कोपरापर्यंत शिंतोडे होते आणि तो धापा टाकत होता.

पिल्लं पाच होती. गेल्याच आठवड्यात भिवाजी आणि वसराम टेकडीवर पोटावर पडून मोजून आले होते.

वसरामनं पाचव्यांदा हात घातला. खांदा आत, गाल मातीवर, तोंड भिवाजीकडे. एकदा त्याचा चेहरा आक्रसला. तो तसाच पडून राहिला. मग त्यानं हात बाहेर काढला, अंगठ्यावर मूठ आवळली आणि उठला.

"सरलं," तो म्हणाला. "आत काई न्हाई."

किसनसिंग शब्दाला जागला. कनेरगाव नाक्यावर त्यानं हिंगोलीकडे जाणारा ट्रक रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला आणि सगळ्यांना वर चढवलं. वाटेत जिवनबाई कण्हत होती. मेलेला लांडगा परका होता, असं भिवाजी मनाशी घोकत होता. पण तो या बिळाच्या आसपास फिरकला नसेल, याची खात्री त्याला देता आली नसती.

दवाखान्यात डॉक्टरांनी किती जणांना चावलं ते विचारलं.

"तीन," किसनसिंग म्हणाला.

"चार," भिवाजी म्हणाला.

किसनसिंगनं वळून पाहिलं. भिवाजीनं मोडक्या खांद्याचा हात छातीशी धरला होता आणि तो भिंतीकडे बघत होता. वसराम टेबलावर जाऊन आडवा झाला आणि बंडी वर सरकवून त्यानं पोट उघडं केलं.

"तुला लांडगा कधी चावला रे?" किसनसिंगनं विचारलं.

"तुमच्या आडवा आलो न्हाई का, तवा," वसराम म्हणाला. त्याची मूठ अजून मिटलेलीच होती.