डावीकडे सरकणारा ठिपका

कागदावर काढलेल्या टर्की पक्ष्याच्या मानेला धक्कासुद्धा लागला नव्हता. छर्रे सगळे वीतभर डावीकडे, कुंपणाच्या खांबात जाऊन बसले होते.

"काल नेमके बसले होते," व्हर्लिन म्हणाला. बंदुकीच्या पाठीवर बसवलेल्या, नेम धरायच्या छोट्या काचेत त्यानं पुन्हा डोळा घातला. आत लाल ठिपका जळत होता. तो टर्कीच्या मानेवर धरायचा आणि चाप ओढायचा, एवढंच काम. "ठिपका मानेवर, छर्रे भलत्याच गावी."

"काचच खोटी असेल," ओलीटा म्हणाली.

"ही तिसरी आहे, बाई!"

पहिलीची बॅटरी दर चार दिवसांनी मान टाकायची. दुसरी उघडी होती; धुक्याचा एक थेंब आत बसला की एका ठिपक्याचे पाच व्हायचे. ही तिसरी नळीसारखी बंद आणि दणकट होती, आणि हिचा दोष काही केल्या सापडत नव्हता. सापडणार कसा? व्हर्लिन वासरांना चारा घालायला गेला की ओलीटाच तिचे स्क्रू पाव फेरा सैल करून ठेवायची. स्क्रू फिरवायची किल्ली तो रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत विसरून जात असे.

नवऱ्याला फसवण्यात तिला काही मौज वाटत नव्हती. पण तिचा नाइलाज होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा टॅनर नदीच्या पुलावरून, पुरात, ट्रकसकट गेला. त्यानंतर व्हर्लिन खुर्चीत बसला तो बसलाच. टर्कीला हाक मारून जवळ आणण्यात अख्ख्या परगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तासन्‌तास झाडाला टेकून बसायचा; घाई कशी ती त्याला ठाऊक नव्हती. असा माणूस ओढलेल्या पडद्याकडे बघत दिवस काढू लागला. त्याला तसा टाकून ओलीटा जाणार कुठे? तिचं चर्च सुटलं, बाजार सुटला. किराणा तिची बहीण दारात ठेवून जाई.

मग या मार्चमध्ये चमच्यांच्या खणात तिला टॅनरची रबरी नळी सापडली. हलवली की हुबेहूब नर टर्कीची हाक निघायची. ती तिथे कशी आली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे काय करतो आहोत हे नीट न कळताच ती नळी घेऊन मागच्या टेकडीवर चढली. खालच्या दऱ्या धुक्यानं काठोकाठ भरल्या होत्या. डॉगवूडची पांढरी फुलं फांद्यांशिवायच हवेत तरंगताहेत असं वाटत होतं. पायाखालची ओली पानं जराही वाजत नव्हती. पुढच्या ओकच्या बुंध्याशी टॅनर पाठमोरा बसला आहे असं तिला वाटलं, आणि त्याची तिला मुळीच भीती वाटली नाही. तिनं नळी हलवली. टेकडी ओरडली. दरीतून एका कावळ्यानं उत्तर दिलं. ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

परतली तेव्हा व्हर्लिन ओसरीवर उभा होता.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं. कित्येक महिन्यांत तो आपणहून असं काही बोलला नव्हता. "म्हातारा नर आहे. या वसंतात त्याला सोडत नाही मी."

त्या दिवसापासून तो जेवू लागला, चिडू लागला, काचांवरून दुकानदाराशी भांडू लागला. आणि ओलीटा रोज पहाटे टेकडीवर जाऊ लागली. परत आली की तिचे बूट शेगडीपाशी वाळायला ठेवलेले असत आणि व्हर्लिन नळीबद्दल कधी काही विचारत नसे. विसरभोळा झाला होता बिचारा.

आता सोमवारी शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. नेम पक्का नसलेली बंदूक रानात न्यायची नाही, पाखराला जखमी करून सोडायचं नाही, हा त्याचा जन्माचा नियम. म्हणजे ठिपका सरकतो आहे तोवर ठीक. तो जागेवर बसला की व्हर्लिन टेकडीवर जाणार, आणि तिथे त्याला काय मिळणार? रबरी नळी हातात धरलेली बायको. मग तो जो खुर्चीत बसेल, तो पुन्हा उठणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो हात धूत म्हणाला, "बंदूक दुकानात रँडलकडे देऊन आलो. उद्या दुपारी स्क्रूंना पक्का डिंक लावतो म्हणालाय. मग ते सैतानालाही सुटायचे नाहीत."

"बरं झालं," ओलीटा म्हणाली, आणि तव्यावरची मक्याची भाकरी तिनं करपवली.

शनिवारी व्हर्लिन लांबच्या कुरणात गेला. ट्रकची किल्ली टेबलावरच होती. ओलीटानं ती उचलली. रस्ताभर दोन्ही बाजूंना जांभळा फुलोरा होता, आणि ट्रक आपण चालवत नसून तोच आपल्याला नेतो आहे असं तिला वाटत राहिलं. नदीचा पूल आला. तिनं दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं, खाली पाहिलं नाही, आणि पलीकडे गेल्यावर थांबून पोटभर रडली. मग तोंड पुसून पुढे निघाली.

रँडल तिच्या शाळेतला. दुकानात तिला पाहून तो खुर्चीवरून उठलाच.

"ओलीटा? एकटी आलीस? पुलावरून?"

"मग काय उडत येऊ? रँडल, त्या काचेला डिंक लावू नकोस. का ते विचारू नकोस. तुझ्या पाया पडते."

रँडलनं कॉफीचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि तेलकट फडक्यानंच डोळे पुसले.

"डिंक नाहीच माझ्याकडे," तो म्हणाला. "व्हर्लिननं फक्त निरोप ठेवलाय, की आज तू येशील, तुला बसवून घे. म्हणाला, दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती, खणात नळी ठेवून टेकडीपर्यंत आणली आहे. आता गावापर्यंत येते का बघतो."