शिंप्याला निरोप

"आता तरी हसा," काकूंनी टेबलाखालून काकांना कोपरानं ढोसलं. "सगळे बघतायत."

काका हसले. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती.

केस काळे होते तेव्हा काकांनी रक्तपेढ्यांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कुठली पिशवी कुठल्या कपाटात आहे, कधी बाद होणार, कुणाला चालणार, सगळं त्यात. पै न घेता त्यांनी ते सगळ्यांना खुलं करून टाकलं. आता ते गावोगावच्या छोट्या दवाखान्यांत चालत होतं, आणि जगाचं रक्त सांभाळता सांभाळता काकांचा स्वतःचा रक्तदाब हाताबाहेर गेला होता.

डॉक्टरांनी काकांशी बोलणंच सोडलं होतं. गेल्या खेपेला ते सरळ काकूंकडे बघून म्हणाले, "हे काम सुटलं नाही, तर पुढच्या वेळी यांना स्ट्रेचरवरून आणाल."

तेव्हापासून काकूंनी पिच्छा पुरवला होता.

"सोडतो गं," काका म्हणत. "पण कुणाच्या हाती?"

त्यांनी आवाहन केलं. लोकांनी त्याखाली लाल बदामांची रांग लावली. पुढे मात्र कुणी आलं नाही. काकूंचा जीव टांगणीला लागला होता. अखेर शिंपी तयार झाला.

शिंपी हे त्याचं तिथलं टोपणनाव. काकांचा पहिल्यापासून एक कडक नियम होता: आपण केलेला बदल आपणच मंजूर करायचा नाही. दुसऱ्या माणसानं तपासून हो म्हटलं, तरच तो रक्तपेढीपर्यंत जायचा. जुने सोबती एकेक करून नोकरी-संसाराला लागले, तसा काकांचं काम तपासायला हा एकटाच उरला. चूक नेमकी पकडायचा, वेळप्रसंगी काकांना झापायचाही. काकूंना तो त्यासाठीच आवडायचा.

"पण मेला तोंड का दाखवत नाही?" आताही पडद्यावरचा त्याचा काळा चौकोन बघून त्या पुटपुटल्या.

"लाजाळू आहे. लिहूनच बोलतो."

"तुमच्यासारखाच माणूसघाणा."

काकांनी दोन वाक्यांत कारभार सोपवला. मग पाणी पिऊन येतो म्हणत ते आत गेले. तेवढ्यात शिंप्याचे शब्द उमटले. 'काका, विश्वास टाकलात. जपेन.'

काकूंचे डोळे भरून आले. काका फोन खिशात घालत परत आले.

"लेकीनं विचारलंय, सुटलात का म्हणून."

"मग? काय कळवलंत?"

"सुटलो म्हटलं."

मंडळी पांगली. काकांनी हात झटकले. "अडगळीच्या खोलीतलं ते स्टूल कधीचं डुगडुगतंय. आता काय, वेळच वेळ आहे." धूळ घरभर नको म्हणून त्यांनी आत जाताना दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं हातोडीचे ठोके सुरू झाले. इतका बेसूर आवाज काकूंना कधी इतका गोड लागला नव्हता.

त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप मिटला. हा बिचारा मुका होता. जुन्या लॅपटॉपात लेकीनं लहानपणी चिमणीचा आवाज बसवून ठेवला होता. निरोप आला की चिवचिवाट. त्या चिमणीनं काकांना किती जेवणांवरून उठवलं होतं! काकांनी तो कधीच भंगारात दिला, म्हणून बरं.

काकू फोन घेऊन बसल्या. शिंप्याचा पत्ता शोधून त्यांनी एका बोटानं लिहायला घेतलं.

'बाळा, मी काकू. तू पुढे झालास म्हणून माझं माणूस मला परत मिळालं. तुझे उपकार फिटायचे नाहीत. एकच मागणं आहे. त्यांनी कितीही गळ घातली तरी त्यांना पुन्हा कामाला हात लावू देऊ नकोस. आणि तुझीही तब्येत सांभाळ. तुझ्याही घरी कुणीतरी काळजी करत असेल.'

त्यांनी डोळे पुसले आणि निरोप पाठवला.

अडगळीच्या खोलीत चिमणी चिवचिवली.

खिडकीतून पाखरू आत शिरलं असेल, असं काकूंना वाटलं. ठोके थांबले होते. मग बटणांवर बोटं पडू लागली, थांबत, अडखळत.

काकू उठून दारापाशी गेल्या. त्यांनी कडीला हात लावला, तोच दुसऱ्या हातातला फोन थरथरला.

'काकू, निर्धास्त राहा. आता मी काकांना कशालाही हात लावू देणार नाही.'