दिवसाचा चंद्र

संध्याकाळी बाईंनी उशीत धडे भरायचे आणि सकाळी मुलांनी झोपेतच सगळं शिकून शाळेत यायचं, अशी आता रीतच होती. त्यामुळे कुणालाच काही विचारायचं नसे. आज मात्र इरा अंगणात थबकली आणि ओरडली, "बाई, चंद्र घरी जायला विसरला!"

तपासणीला आलेल्या डोंगरेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हिच्या उशीत हा धडा भरला नाहीत?"

"मुद्दामच नाही भरला," कुंदाबाई म्हणाल्या. "प्रत्येकाचा एकेक धडा मी काढून ठेवते. मुलाला नवल वाटायला थोडी जागा नको का?"

"आजच भरा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तोवर इराभोवती सगळा वर्ग गोळा झाला होता. उत्तर बाकी साऱ्यांना पाठ होतं, पण कुणी सांगेना. विरघळत चाललेल्या त्या फिकट चंद्राकडे सगळे माना वर करून बघत राहिले. साहेबांनीही वर पाहिलं. चंद्र दिवसा का दिसतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. दिसला मात्र आज पहिल्यांदा.

बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "बाई, एकदा भरलेलं काढून घेता येतं का हो?"