पुढची फळी

काच फुटली आणि तिच्यामागोमाग मूठ आत आली. तिपाईची कॉलर त्या मुठीत सापडली, कपाळ खिडकीच्या चौकटीवर आपटलं आणि आईने सकाळी इस्त्री करून दिलेल्या शर्टावर रक्ताचा ओघळ उतरला. रुग्णालयाच्या तक्रार खिडकीवर त्याची ही पहिलीच सकाळ होती. अजून अकराही वाजले नव्हते.

"माझा बाप गेला!" बाहेरचा माणूस ओरडत होता. मध्ये पडलेल्या शिपायाला त्याने एका लाथेत बाकापाशी लोळवलं, दुसऱ्या लाथेत बाकच त्याच्या अंगावर पाडला. "सकाळपासून घसा फोडून सांगतोय! तूच लिहून घेतलंस ना? बोल, तूच ना?"

तिपाई हे नाव कॉलेजातल्या पोरांनी ठेवलेलं. दोन पाय आणि एक कुबडी. त्यातला डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला, म्हणजे खरं तर दोनच, पण पोरं कुठे एवढं मोजत बसतात! पदवी त्याने पहिल्या वर्गात मिळवली. त्यानंतर दोन वर्षांत सत्तावीस मुलाखती दिल्या. जो तो म्हणे, अनुभव नाही, आणि म्हणताना पायाकडे बघे. अनुभव यायला आधी कुणीतरी नोकरी द्यावी लागते, हे सत्तावीस शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

अठ्ठाविसावे हे अधीक्षक. त्यांनी प्रमाणपत्रांची फाइल उघडलीसुद्धा नाही. "कुबडी कायम लागते?" एवढंच विचारलं. लागते म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "आठवडाभर बसून बघा. जमलं तर कायम करू." लगेच सुतार बोलावून त्यांनी काउंटरची पुढची फळी काढून टाकायला लावली. "पाय मोकळा राहील तुमचा." कुबडीसाठी खिळाही ठोकून घेतला, तोही दर्शनी बाजूला. "आणि हे बघा, कुणी आवाज चढवला की कुबडी घेऊन उभं राहायचं. सावकाश. लोकांचा मान ठेवावा माणसाने."

घरी तिपाईने हे दोन-दोनदा सांगितलं होतं. जो पाय जन्मभर आडवा आला, त्याची आज कुणीतरी काळजी केली होती. आई तर रडायचीच थांबेना.

आठ वाजता हाच माणूस हात जोडून खिडकीशी आला होता. वडील पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर आहेत, श्वास लागलाय, कुणी डॉक्टर फिरकलेला नाही. तिपाईने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि शिपायाबरोबर अधीक्षकांकडे धाडली. साडेआठला दुसरी धाडली. नऊ वाजता तिसरी घेऊन तो स्वतःच खुरडत गेला. आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर चहाच्या कपाखाली होत्या.

"अहो, तक्रार लिहून घ्यायची असते," अधीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले. "पुढे पाठवायची नसते. लिहून घेतली की माणूस निम्मा शांत होतो. हीही ठेवा इथे आणि बसा जागेवर."

तो जागेवर येऊन बसला. नोकरीचा पहिला दिवस होता. दहा वाजून गेल्यावर पॅसेजमधून रडण्याचा आवाज आला, तेव्हा त्याला स्वतःची जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

आता त्या माणसाने त्याला कॉलरला धरून अर्धा बाहेर ओढला. काचेचा तुकडा हनुवटीत घुसला. दुसरी मूठ वर गेली. तिपाईने चाचपडत खिळ्यावरची कुबडी ओढली आणि सांगितल्याप्रमाणे उभा राहिला. सावकाश नव्हे, धडपडत. त्या माणसाची नजर खाली गेली. फळी काढलेल्या काउंटरमधून मनगटाएवढा पाय लोंबकळताना त्याला दिसला.

मूठ हवेतच थांबली. कॉलर सुटली.

तिपाईच्या पाठीमागचं केबिनचं दार बोटभर उघडलं. "बघा!" अधीक्षक खुशीत कुजबुजले. "आधीच्याचे चार दात गेले या खुर्चीत. त्याच्या आधीच्याचा जबडा. म्हटलं, आता असा बसवतो की हात उचलणाऱ्यालाच लाज वाटेल. उद्याच कायमची ऑर्डर काढतो तुमची." दार लागलं. कडी लावल्याचा आवाज मात्र आला नाही. साहेबांना आता तिची गरज वाटत नव्हती.

तिपाईने खाली पाहिलं. रिकामी चौकट, खिळा, पाय. फळी कुणाच्या सोयीसाठी निघाली होती ते त्याला कळलं, आणि कपाळाची खोक दुखायची थांबली. अंगभर नुसता संताप होता.

बाहेरच्या माणसाच्या मुठीतून रक्त गळत होतं. तो आता लहान मुलासारखा रडत होता. "तुला कसा मारू रे मी?" तो म्हणाला. "मग कुणाला मारू? सांग ना, कुणाला मारू?"

तिपाईला आईची आठवण आली. एकोणतिसाव्या मुलाखतीचं तिला कसं सांगायचं, हे काही सुचेना. त्याने कुबडी बगलेत घेतली, काउंटरच्या कडेचं बुटकं दार उघडलं आणि स्वतः भिंतीला लागून वाट दिली.

"साहेब त्या दाराआड आहेत," तो म्हणाला. "तुमच्या तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर आहेत. आणि त्यांचे दोन्ही पाय धड आहेत."