बिजलीचा होकार

कोल्हापूरच्या माग काढण्याच्या श्वानस्पर्धेत यंदा नियम बदलला होता. नुसती मालकाची सही आता चालत नव्हती. गळपट्ट्यातल्या दुभाषी यंत्रातून कुत्र्याचाही होकार घ्यायचा होता. परीक्षक वृषाली निंबाळकर गेल्या वर्षी जिंकलेल्या कारवानी जातीच्या कुत्रीसमोर वाकल्या. "माग काढायचाय ना, बिजली?"

पट्ट्यातून सपाट आवाज आला, "मला नको. पण हरले की मालक जेवत नाहीत. म्हणून काढते."

कडेला कुणीतरी हसलं. हा होकार धरायचा की नकार, हे वृषालीबाईंना कळेना. नियमावलीत असं उत्तर कुठंच नव्हतं.

बिजलीचे मालक भगवंतराव घोरपडे पुढे आले. मग त्यांनी वाकून तिची दोरी सोडली.

"माघार लिहा, मॅडम," ते म्हणाले. "आज आम्ही दोघं जेवायला जातो."